पांढऱ्या लाकडाची पारख

पूल हा बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ. त्याच्या क्यूमध्ये, म्हणजे बॉल मारायच्या काठीत, दोन लाकडं असतात आणि खेळतं त्यातलं एकच. पुढचा निम्मा भाग म्हणजे शाफ्ट. काम करतो तो हा. त्याच्या टोकाला साधारण साडेबारा-तेरा मिलिमीटरची चामड्याची टिप असते. ती बॉलला लागते, आणि कुठे लागलं, किती लागलं, नीट लागलं की घसरलं याची खबर याच काठीतून मागे हाताला पोचते. हा शाफ्ट साध्या, फिक्या, सरळ रेषांच्या मेपलचा. त्याच्याकडे बघून कोणी थांबत नाही. मागचा निम्मा भाग म्हणजे बट. तो मुठीत राहतो, वजन सांभाळतो आणि मिरवतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं, फोटो मागवतं, रात्रीची झोप घालवून घेतं ते या मिरवणाऱ्या भागापायी.

मी सध्या त्याच गिऱ्हाइकांतला एक आहे. अमेरिकेतला एक कारागीर माझ्यासाठी क्यू करतोय. लांबी ५८ इंच, मधोमध जोड, वजन १९ औंसांच्या आसपास. ही मापं ठरायला एक संध्याकाळ पुरली. लाकूड ठरता ठरता मात्र उन्हाळा संपून पाऊस लागला. घरात एव्हाना सगळ्यांना मेपलचे प्रकार पाठ झालेत, आणि 'एवढ्या पैशात हॉलचं फर्निचर झालं असतं' हे वाक्य मला पाठ झालंय.

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेकडच्या पार्लरमध्ये स्नूकरच्या टेबलांना मान आहे. पूलचं टेबल कोपऱ्यात, पाण्याच्या जारशेजारी. जुन्या मंडळींच्या लेखी पूल म्हणजे पोरखेळ. त्यांचंही काही चूक नाही. स्नूकर जन्मला तोच १८७५ साली जबलपूरच्या फौजी मेसमध्ये, पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम बसले, आणि १९५८ साली बिलियर्ड्समध्ये भारताला पहिलं जगज्जेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. एवढा वारसा पाठीशी असल्यावर मोठ्या खिशांच्या त्या छोट्या टेबलाकडे कोण बघणार? मी बघतो. नाइन बॉलचा डाव पटकन लागतो, पटकन मोडतो आणि हरलेल्याला रडत बसायला वेळ देत नाही, म्हणून मला तो आवडतो.

लाकडाचा फरकही इथेच सुरू होतो. स्नूकरचा क्यू बहुतेक ॲश नावाच्या झाडाचा. ॲशची वलयं ठळक, त्यामुळे शाफ्टच्या अंगावर एकामागे एक बाणाची टोकं उमटतात. खेळाडू बाणांची बाजू वर ठेवून क्यू धरतो, म्हणजे दर खेपेला काठी एकाच बाजूने हातात येते. मेपलची वीण घट्ट. त्यात असलं ठळक काही दिसत नाही, पण बोटांच्या कमानीतून ते न अडखळता सरकतं. पूलचे लोक या सरकण्यावर खूश असतात. क्यूला लागतं ते हार्ड मेपल, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं शुगर मेपल. त्याच्याच खोडाला भोक पाडून रस काढतात आणि साधारण ४० लिटर रस आटवला की लिटरभर पाक हाती येतो. उसाच्या जिल्ह्यात राहून हे वाचताना मला त्या लोकांची दया आली. इंधनाचा हिशेब आमच्याकडच्या कुठल्याही गुऱ्हाळवाल्याला झेपला नसता. लाकूड म्हणून मात्र हे झाड पक्कं. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. पोलादाची छोटी गोळी निम्मी लाकडात रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड लागतात, सागाला हजाराच्या थोडं वर.

आता नक्षी. सरळ वाढलेल्या झाडात रेषे खालून वर नीट जातात. काही झाडांत ते लाटा घेत वर चढतात. अशा खोडाची फळी कापली की करवतीखाली काही ठिकाणी रेषे आडवे पडलेले सापडतात आणि काही ठिकाणी त्यांची तोंडं वर आलेली. आडवा रेषा उजेड परत फेकतो, उघडं तोंड उजेड गिळतं. म्हणून एक पट्टा उजळ, एक काळपट. फळी जरा कलती केली की उलट होतं. उजळ होता तो पट्टा विझतो, विझलेला पेटतो. धूपछाव साडीचा पदर हलला की रंग बदलतो, अगदी तेच. रंग कुठेच लावलेला नसतो. सगळा खेळ उजेड कुठून येतो आणि तुम्ही कुठे उभे आहात याचा. त्यामुळे नक्षीदार मेपलचा एक फोटो बघून काहीच कळत नाही. मी कारागिराला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मला फोटो नको, व्हिडिओ पाठव, आणि दिव्याखाली लाकूड हळूहळू फिरव.

लाटांच्या या नक्षीला टायगर म्हणतात, फ्लेम म्हणतात, फिडलबॅकही म्हणतात, कारण व्हायोलिनची पाठ पिढ्यान्‌पिढ्या अशा मेपलची करत आलेत. क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांच्या पाठी बघा, तेच पट्टे. दुसरा प्रकार क्विल्टेड. त्यात लाटांऐवजी फुगवटे दिसतात, जणू लाकडाखाली पाणी आहे असं वाटतं, पण ते बहुतेक पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये मिळतं आणि ते लाकूड हार्ड मेपलपेक्षा बरंच मऊ. तिसरा, ज्याच्यासाठी माणसं वेडी होतात, तो बर्ड्‌स आय. फिक्या लाकडावर बारीक बारीक डोळे. दरवर्षीच्या वलयाला त्या जागी खळगा पडत जातो आणि रेषे त्याला वळसा घालतात. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या आसपासच्या जंगलात, मिशिगनच्या उत्तरेला वगैरे, अशी झाडं सापडतात. डोळे का पडतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. बुरशी लागून काळ्या रेघा उमटलेलं स्पॉल्टेड मेपलही विकतात. फोटोत ते सुंदर दिसतं. पण बुरशी म्हणजे कुजायला झालेली सुरुवात. ते मी पहिल्याच फेरीत वगळलं.

गिटारवाल्यांना आणि टेबलवाल्यांना नक्षी निवडणं सोपं आहे, कारण त्यांना सपाट फळी लागते. क्यू गोल असतो, आणि खरी अडचण तिथे येते. लाटांची नक्षी सगळ्यात जोरात उठते ती वलयांना काटकोनात कापलेल्या बाजूवर, म्हणजे खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या चिरेवर. डोळ्यांचं बरोब्बर उलटं. ते सालीकडे तोंड केलेल्या बाजूवर गोल दिसतात, आणि काटकोनातल्या चिरेवर नुसते आडवे फराटे. चौकोनी दांडा लेथवर चढवून गोल केला की दोन्ही प्रकारच्या बाजू एकाच काठीवर येतात. टायगर मेपल असेल तर क्यू फिरवताना पट्टे समोरासमोरच्या दोन बाजूंवर दणदणीत आणि मधल्या दोन बाजूंवर मवाळ. बर्ड्‌स आय असेल तर दोन बाजूंवर डोळेच डोळे आणि दोन बाजू सुन्या. जाहिरातीत फक्त चांगली बाजू दाखवतात, हे सांगायला नकोच. मी चारही बाजूंचे आणि दोन्ही टोकांचे फोटो मागायला लागलो. टोकावर वलयं दिसतात, त्यावरून कुठली बाजू कशी निघणार याचा अंदाज बांधता येतो. एकदा ही खूण कळली की बघायची नजरच बदलते. माझी बायको म्हणते, हल्ली मी दुसऱ्यांच्या घरी गेलो की खुर्चीचा पाय उलटा करून बघतो. खोटं नाही.

विकणारे ए, डबल ए, ट्रिपल ए, थेट पाच ए पर्यंत दर्जे लावतात. हे दर्जे ठरवणारी एकच सर्वमान्य फूटपट्टी नाही. एकाचा तीन ए दुसऱ्याचा पाच ए असतो. सोन्याला हॉलमार्क आहे, हळदीचे सौदे होतात, इथे मात्र सगळा कारभार विकणाऱ्याच्या उत्साहावर. म्हणून मी ए मोजणं सोडून दिलं आणि कारागिराकडून वीत-वीतभर तुकडे नमुन्याला मागवले. दोन नक्षीचे आणि एक शाफ्टच्या साध्या लाकडाचा.

ते घेऊन वखार भागात गेलो. आमच्या घराची दारं-खिडक्या ज्यांनी केल्या ते आप्पा मिस्त्री अजून तिथे दुकानात बसतात. हात थोडा कापतो, नजर नाही. त्यांनी नक्षीचा तुकडा उलटापालटा केला, नाकाशी नेला, अंगठ्याचं नख रुतवून बघितलं.

"हे कसलं ओ लाकूड?"

"मेपल, आप्पा. अमेरिकेतलं."

"सगळं पांढरंच हाय की. गाभा कुठाय?"

"ह्यात पांढऱ्यालाच किंमत असते."

"वाळवीला दाखवा ह्यो तुकडा. ती सांगंल किंमत."

आप्पांचं त्यांच्या जागी अगदी बरोबर. सागात, शिसवात पांढरा भाग कच्चा; तो तासून टाकायचा, नाहीतर भुंगा लागलाच म्हणून समजा. मेपलचं शास्त्र उलटं. बाजारात मान आहे तो सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला, आणि तपकिरी गाभा दुय्यम. हा पांढरेपणा टिकावा म्हणून तिकडे झाडं थंडीत तोडतात आणि ओंडके लवकर चिरून घेतात, कारण उबदार हवेत ओंडका पडून राहिला की लाकूड करडं पडतं. हे सांगितल्यावर आप्पांना पहिल्यांदा त्या लोकांबद्दल आदर वाटला. आपल्याकडे बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा म्हणतात, म्हणाले, तिकडंबी काहीतरी रीत हाय म्हणायची.

मग त्यांनी तुकडा बाकावर धरला आणि रंधा मारला. सागावर मारला की लांब, सलग, वेटोळं घेत छिलका निघतो. इथे तुकडे निघाले. रंधा दोन बोटं गेला की अडखळायचा, लाकूड उचकटून बारीक खड्डा पडायचा, पुढची दोन बोटं पुन्हा गुळगुळीत. आप्पांनी तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने मारला. तेच. पातं अगदी केसभर बाहेर ठेवून मारला, तेव्हा थोडं बरं. रेषा एकदा वर येतोय, एकदा खाली बुडतोय, मग रंध्यानं कुठनं जायचं, असं ते स्वतःशीच पुटपुटले. शेवटी फुटक्या काचेचा तुकडा घेऊन त्याच्या धारेने खरवडायला लागले. पॉलिशवाले आणि जुने सुतार अजून हे करतात. काचेखाली भुसभुशीत पांढरी पूड पडत गेली आणि खड्डे मिटले. मग पॉलिशच्या बाटलीशेजारचं स्पिरिट चिंधीवर घेऊन त्यांनी एकदा पुसलं.

नक्षी वर आली. कोरडी असताना चुरगळलेल्या कागदाइतकीही उठत नव्हती ती. स्पिरिट उडून जाईपर्यंत, म्हणजे मिनिटभर, पॉलिश झाल्यावर हे लाकूड कसं दिसणार ते दिसतं. आप्पा "आयला" म्हणाले आणि तुकडा घेऊन दारात उजेडाला गेले. शेजारच्या दुकानातला पोरगा आला, समोरचा टेम्पोवाला आला. सगळ्यांनी तुकडा फिरवून बघितला. टेम्पोवाल्याने विचारलं, ह्याचं काय करणार? मी म्हणालो, काठी. तो काहीच न बोलता परत गेला.

रंधा अडखळला, त्याच कारणामुळे हे लाकूड शाफ्टला चालत नाही. जिथे रेषा पृष्ठभागावर येऊन संपतो तिथे काठी कमजोर. शाफ्ट टिपेपाशी करंगळीएवढा. त्यात रेषे तुटके असतील तर तो वाकणार, कधी तरी मोडणारही. म्हणून शाफ्टसाठी कारागीर वलयं मोजतात, दाट वलयांचं लाकूड घेतात, आणि रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातोय ना, हे बघतात. अधूनमधून तपकिरी रेघ असते, तिला शुगर मार्क म्हणतात. ती दिसायला नको वाटते पण खेळाला तिचा त्रास नाही. पार्लरमध्ये गुण मांडणाऱ्या आमच्या मार्करमामांना हे सगळं न वाचता येतं. ते क्यू टेबलावर लोळवतात. टोक नाचलं की तो क्यू भिंतीकडच्या रॅकवर, नवख्यांसाठी. जुलै-ऑगस्टात भिंतीकडची रॅक भरून जाते.

सांगलीच्या पावसाळ्यात हे व्हायचंच. कृष्णा फुगली की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं याचे मेसेज फिरायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर येवो न येवो, हवेत ओल असतेच. दारं फुगतात, कपाटाचे खण बसून राहतात. ओलं लाकूड पूर्ण कोरडं होईतो साग वलयांच्या अंगाने ६ टक्क्यांच्या आत आकसतो. हार्ड मेपल त्याच दिशेने जवळजवळ १० टक्के आकसतं आणि गाभ्याच्या दिशेने ५ टक्क्यांच्या जरा आत. दोन दिशांना दोन वेगवेगळे आकडे असले की लाकूड नुसतं लहान-मोठं होत नाही, पीळ मारतं. त्यात नक्षीदार लाकडाचे रेषे मुळातच नागमोडी. मला घ्यायचं होतं ते सुंदर लाकूड थोडक्यात असं होतं: सागापेक्षा जास्त हलणारं, आणि कुठल्या बाजूला हलेल याचा भरवसा न देणारं.

याच विचारात असताना मिरजेला जाणं झालं. सतारमेकर गल्लीत ओळखीचे एक चाचा आहेत, आमच्या घरचा तंबोरा त्यांच्याकडेच जवारीला जातो. मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. तलवारींना धार लावणारे शिकलगार, शस्त्रांचे दिवस सरल्यावर वाद्यांकडे वळले; फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दांडी तुणीच्या लाकडाची, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. अशा माणसाला नक्षीचं कौतुक असणार म्हणून मी मोठ्या हौसेने स्पिरिटची बाटली खिशात घेऊनच गेलो होतो.

चाचांनी नक्षीचे दोन्ही तुकडे बघितले, छान आहेत म्हणाले, आणि बाजूला ठेवले. मग शाफ्टचा साधा तुकडा उचलला. एका टोकाला दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली. कानाशी नेऊन परत मारली. क्यू करणारेही शाफ्टची निवड अशीच आवाजावर करतात, टणक वाजणारा वेगळा, बद्द वाजणारा वेगळा, हे मला माहीत होतं. मिरजेत मात्र कोणाला ते सांगावं लागलं नाही. नक्षीचा तुकडा पुन्हा हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं.

"किती वर्षं ठेवलंय हे?"

"भट्टीत वाळवतात, चाचा. सहा-आठ टक्के ओल राहते."

"ते वाळवणं झालं. मी ठेवण्याचं विचारतोय."

माळ्यावर टांगलेल्या भोपळ्यांकडे त्यांनी हात केला. त्यातले काही त्यांच्या मुलाने घेतलेले, काही त्याच्या आधीचे. वाळून कधीच झालेत, पण काढायची घाई नाही. दांडीचं लाकूडही असंच. वाद्य झाल्यावर हलण्यापेक्षा त्याने आधीच हवं तेवढं हलून घ्यावं, असा त्यांचा हिशेब.

मी त्या रात्री कारागिराला हाच प्रश्न विचारला. फळीची नक्षी, फळीचा दर्जा, फळीचा भाव यांवर आम्ही केवढं लिहिलं होतं, पण या प्रश्नाला त्याचं उत्तर सगळ्यात लांब आलं. त्याला तो आवडला असावा. तो म्हणाला, चौकोनी दांडा आणला की आधी नुसता गोल करतो, बराच जाड. मग टांगून ठेवतो. काही महिन्यांनी बघतो. वाकला असेल तर आणखी एक हलका हात देऊन सरळ करतो आणि परत टांगतो. हे तीन-चारदा. जो दर खेपेला वाकतो तो टेबलाच्या पायाला. जो शांत होतो त्याचाच क्यू. शिवाय नक्षीदार भागाच्या पोटातून आरपार भोक पाडून तो सरळ रेषांच्या मेपलचा दांडा आत चिकटवतो. म्हणजे बाहेरून दिसणारी नक्षी ही खरं तर जाड नळी. ताठ राहण्याचं काम आतल्या साध्या लाकडाकडे. पुढे शाफ्ट साधा, आत गाभा साधा. मिरवणारं लाकूड मधल्या मध्ये, दोन्हीकडून धरलेलं. मला हे फार आवडलं. काही लोक याला फसवणूक म्हणतात, अस्सल क्यू अखंड लाकडाचाच हवा असा त्यांचा हट्ट असतो. त्यांनी एक पावसाळा कृष्णाकाठी काढावा.

एव्हाना माझ्यासमोर तीन दांडे उरले होते. पहिला टायगर, पट्टे इतके सारखे की छापील वाटावेत. कारागिराच्या यादीत सगळ्यात महाग तोच. मला तो कंटाळवाणा वाटला. एक पट्टा बघितला की सगळे बघून होतात. दुसरा बर्ड्‌स आय, डोळे दाट, पण दोन बाजूंवर, आणि लेथवर डोळ्यांतून बारीक टवके उडणार, ते गोंदाने भरावे लागणार होते. तिसऱ्यात लाटा रुंद, मोडक्या. कुठे जोरात उठलेल्या, कुठे विरून गेलेल्या, आणि एका अंगाला तपकिरी रेघ. यादीत तो खालच्या दर्जाचा. पण पहिले दोन अजून चौकोनी होते, आणि हा काही वर्षांपूर्वीच गोल होऊन टांगलेला, शेवटच्या दोन खेपांना जागचा हललेला नाही. शिवाय बटच्या पुढच्या भागाला आणि मुठीखालच्या तुकड्याला, म्हणजे स्लीव्हला, पुरेल एवढं लाकूड त्या एकाच फळीतलं होतं. दोन्हीकडे एकाच झाडाच्या लाटा हव्यात, आणि त्यांचा कल एकाच बाजूला हवा. नाहीतर मुठीच्या वर एक झाड आणि खाली दुसरं.

तिसरा घेतला. कारागिराने रेघ झाकायला टोकदार नक्षीकाम सुचवलं, पुढच्या भागात काळ्या लाकडाच्या लांब सुळक्या बसवतात तसं. मी नको म्हणालो. सुळक्या बसवायच्या म्हणजे लाटाच कापायच्या. आपलं शिसव बसवूया का, असंही मनात आलं होतं, पण शिसवाच्या कुळातली लाकडं २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात कागदपत्रांशिवाय हलत नाहीत, आणि चार बोटं लाकडासाठी कस्टमच्या खिडकीशी उभं राहण्याचं माझं वय नाही. क्यू करणाऱ्यांत ज्याचं नाव घेताना खेळणारे कानाला हात लावतात, तो जॉर्ज बालाबुष्का. १९१२ साली रशियात जन्मलेला आणि ब्रुकलिनमध्ये काम केलेला हा माणूस १९७५ मध्ये गेला. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट क्यू घेऊन त्यांतलं तयार लाकूड वापरायचा. लाकडाचा जोड दुसऱ्यांचा असूनही क्यू त्याचाच ओळखला गेला, तो तोलामुळे आणि हातामुळे. नक्षीचा फार गवगवा करणाऱ्यांना मी हे हटकून सांगतो, आणि मग स्वतःच्या लाटांचा व्हिडिओ दाखवतो.

कारण दाखवायचा मोह होतोच. पूलमध्ये निम्मा वेळ तुम्ही खेळतच नसता. समोरचा टेबल साफ करत असतो आणि तुम्ही खुर्चीत बसून, क्यू गुडघ्याशी उभा धरून, बघत राहता. डोक्यावर टेबलाचा दिवा असतो. तेवढ्या वेळात हातात बघण्याजोगं काही असावं, यापलीकडे नक्षीचं काही काम नाही. मार्करमामांना हे पटलं. हरताना उपयोगी पडेल म्हणाले.

रंगाचं विचारलं तेव्हा मी रंग नको सांगितलं. नक्षी उठावी म्हणून आधी डाय चोळतात, मग जास्तीचा घासून काढतात. उघड्या तोंडांत रंग मुरतो आणि पट्टे काळेभोर होतात. लांबून ते झकास दिसतं. पण मग उजेडाचं काम रंगच करतो आणि क्यू फिरवला तरी पट्टे जागचे हलत नाहीत. नुसतं पारदर्शक फिनिश. मेपल उजेडाने वर्षागणिक पिवळं पडत जातं, ते पडू दे. शाफ्ट मात्र दोन सांगितलेत, एक उन्हाळ्याला आणि एक पावसाळ्याला, आणि दोन्ही वाजवून निवड असं लिहिलंय. टिचकीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून त्याने पाठवला. मी तो चाचांना ऐकवला, त्यांनी दुसरा आणि चौथा निवडला.

मुठीचं तेवढं राहिलंय. तिथे आयरिश लिननचा दोरा गुंडाळून दाबून बसवतात, एप्रिल-मेमध्ये तळहाताचा घाम तो शोषून घेतो. त्यामुळे बारा इंच लाकूड झाकलं जाणार. बायकोचं म्हणणं, जे लाकूड निवडायला एवढे महिने घातले त्यावर दोरा कशाला? मुलगी म्हणते दोरा हवाच, पण हळदीच्या रंगाचा. कारागीर फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा ठेवतो.